गावरान अंडे, पोल्ट्रीचे अंडे आणि आपला विवेक

आजकाल आठवड्याच्या बाजारात अंडी विकावयास बसलेल्या माणसापुढे बहुधा दोन प्रकारचा माल असतो. एकीकडे पांढरीशुभ्र, एकाच मापाची अंडी पुठ्ठ्याच्या खणांत नीट बसविलेली. दुसरीकडे लहानमोठी, तांबूस, कोठे मातकट डाग पडलेली अंडी टोपलीत भुशावर ठेवलेली. पहिली ‘पोल्ट्रीची’, दुसरी ‘गावरान’. दुसऱ्यांचा भाव पहिल्यांच्या दुपटीहून अधिक. घेणारा गृहस्थ क्षणभर घुटमळतो. घरी परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आहे, बाळंतीण लेक आहे, किंवा दुखण्यातून उठलेली आई आहे. गावरानच न्यावीत असे मन म्हणते. पोल्ट्रीची पुरेत असे खिसा सांगतो. अशा वेळी शेजारचा कोणी बोलल्यावाचून राहत नाही, “अहो, त्या पोल्ट्रीच्या कोंबड्यांना काय वाटेल ते खाऊ घालतात. परदेशातले बदललेले धान्य काय, औषधे काय, इंजेक्शने काय! ते का अंडे म्हणायचे?” मग तो गृहस्थ गावरान अंडी घेतो, पण डझनाच्या जागी चारच घेतो, नाहीतर पोल्ट्रीची घेतो आणि आपण मुलाबाळांस काही वाईटच खाऊ घालत आहो अशी रुखरुख घेऊन घरी जातो.

ही रुखरुख कितपत खरी आणि कितपत खोटी, याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी अंडे वर्ज्य आहे, हे आम्ही जाणतो आणि त्यांच्या आचाराविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांनीही हा लेख परका मानू नये. दूध, गूळ, तेल, तांदूळ, यांपैकी प्रत्येकाविषयी हल्ली हाच वाद ऐकू येतो. अन्नाविषयी आपण माहितीच्या आधारे ठरवावे की ऐकीव गोष्टींच्या, हा मूळ प्रश्न आहे. अंडे हे त्याचे एक सोपे उदाहरण.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न आणखी जवळचा आहे. आपल्या बेळगाव परिसरातील ज्या शाळांत मध्यान्ह भोजन मिळते, तेथे अंडे आता ताटात येऊन पोचले आहे. कर्नाटक राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये प्रथम काही मोजक्या जिल्ह्यांतील मुलांस शाळेत अंडे देण्यास प्रारंभ झाला. पुढल्या शैक्षणिक वर्षी ही योजना सर्व जिल्ह्यांत आली. आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साह्याने आठवड्यातून सहा दिवस अंडे देण्याचे ठरले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी केळे असते. लक्षावधी मुलांना पुरणारे हे अंडे पोल्ट्रीचेच असणार, हे उघड आहे. तेव्हा ‘पोल्ट्रीचे अंडे म्हणजे विष’ असे आपण बेफिकिरीने बोलतो, तेव्हा ते बोलणे अशा मुलाच्या कानी पडते, ज्याच्या घरी दुसरे अंडे येण्याची ऐपत नसते. म्हणून या विषयात शब्द तोलून वापरले पाहिजेत.

प्रथम ही दोन अंडी वेगळी कशी झाली ते पाहू. आपल्या आजीच्या पिढीस ‘गावरान अंडे’ हा शब्द ठाऊकच नव्हता. कारण सगळीच अंडी गावची होती. परसात कोंबड्या हिंडत, उकिरडा उकरीत, दाणे टिपीत, किडे खात आणि संध्याकाळी खुराड्यात परतत. अशी गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण ६० ते ७० अंडी घालते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. या पद्धतीने देशाला अंडी किती पुरत? सन १९५०-५१ मध्ये भारतात वर्षभरात सुमारे १८३ कोटी अंडी निघाली. म्हणजे माणशी वर्षाला पाच. तेव्हा अंडे हे आजाऱ्याचे, पाहुण्याचे किंवा सणाचे अन्न होते. सन २०२३-२४ मध्ये हेच उत्पादन सुमारे १४,२७७ कोटींवर गेले आणि माणशी वाटा १०३ अंड्यांचा झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माणशी वर्षाला १८० अंडी असावीत असे सांगितले आहे. त्या मानाने आपण अजून मागेच आहोत.

हा बदल घडविला तो लेगहॉर्न जातीच्या वंशातील संकरित कोंबडीने. लेगहॉर्न हे नाव इटलीतील लिव्होर्नो या बंदराच्या इंग्रजी नावावरून पडले. हिचे संकरित वाण वर्षाला ३०० हून अधिक अंडी घालते आणि सहसा खुडूक होत नाही. पुणे, हैदराबाद, तामिळनाडूतील नामक्कल अशा ठिकाणी हा धंदा वाढला. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये अंडी-उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली, आणि दलालाने ठरविलेल्या भावाऐवजी उत्पादकांच्या समितीने जाहीर केलेला भाव बाजारात येऊ लागला. अंडे गरिबाच्या आवाक्यात आले ते या मार्गाने. ही गोष्ट मान्य केल्यावाचून पुढचा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही.

आता गुणांचा विचार. गावरान अंड्याचे टरफल तांबूस असते म्हणून ते अधिक कसदार, अशी पुष्कळांची समजूत आहे. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. खाण्यावर नव्हे, आणि कसावर तर नव्हेच. तांबूस अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्याही पिंजऱ्यात पाळल्या जातात. उलट झाबुआकडील कडकनाथ कोंबडीचे अंग, पिसे, मांस सारे काळे; पण तिचे अंडे काही काळे नसते. दुसरी समजूत बलकाच्या रंगाची. बलक गडद केशरी असला म्हणजे अंडे अस्सल, असे मानतात. बलकाचा रंग पिवळा मका, हिरवा पाला अशा पदार्थांतील रंगद्रव्यांतून येतो. आणि झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळला असता पिंजऱ्यातील कोंबडीचा बलकही केशरी होतो. तात्पर्य, ज्या दोन खुणांवर विसंबून आपण दुप्पट पैसे मोजतो, त्या दोन्ही खुणा सहज फसविणाऱ्या आहेत.

मग मोकळ्या कोंबडीच्या अंड्यात काहीच विशेष नाही काय? आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरव्या कुरणात चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ई जीवनसत्त्व पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या अंड्यांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि ओमेगा-३ नावाची हितकर स्निग्धद्रव्येही दुपटीहून अधिक आढळली. हिरवा पाला आणि किडे यांचा हा परिणाम होय. परंतु अंड्याचे मुख्य देणे म्हणजे प्रथिन. एका मध्यम अंड्यात ते सुमारे सहा ग्रॅम असते, आणि ते दोन्ही अंड्यांत सारख्याच दर्जाचे असते. ब-१२ जीवनसत्त्व दोन्हींत आहे, अ जीवनसत्त्व दोन्हींत आहे. गावठी अंडे आकाराने लहान असल्याने नगास नग घेतला तर त्यात प्रथिन किंचित कमीच भरते. ज्या पैशांत चार गावरान अंडी येतात त्याच पैशांत आठ पोल्ट्रीची येत असतील, तर वाढत्या मुलाच्या आईने आठ घ्यावीत आणि मनात कसलीही रुखरुख ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीची भीती सर्वांत अधिक पसरली आहे त्या खाद्याकडे वळू. पिंजऱ्यातील कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात अर्ध्याहून अधिक बहुधा मका असतो. त्याखालोखाल सोयाबीनची पेंड, मग भाताचा कोंडा, सूर्यफुलाची पेंड, शिंपल्यांची किंवा चुनखडीची पूड, मीठ, खनिजे आणि जीवनसत्त्वे. अंड्याचे टरफल जवळजवळ सगळे चुन्याचेच असल्याने रोज अंडे घालणाऱ्या कोंबडीस चुना पुरविणे भागच असते. यात गूढ असे काही नाही. अधिक अंड्यांसाठी संप्रेरकांची इंजेक्शने देतात, ही तर निव्वळ अफवा आहे. हजारो कोंबड्यांना रोज सुई टोचीत बसणे कोणाही धंदेवाल्यास परवडणारे नाही. आणि अंड्यांची संख्या वाढली ती कित्येक पिढ्यांच्या निवडीमुळे, समतोल खाद्यामुळे आणि प्रकाशाच्या नियमनामुळे.

जनुकबदल केलेल्या, म्हणजेच ‘जीएम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धान्याची गोष्ट मात्र अफवा नाही. १९९६ पासून अमेरिकेत एक सोयाबीन पेरले जाऊ लागले. त्यात जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले आहे, आणि त्यामुळे ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी तण मरते, पीक मरत नाही. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना या देशांतील बहुतेक सोयाबीन आज अशाच प्रकारचे आहे. भारतात असे सोयाबीन पेरण्यास परवानगी मिळालेली नाही. २००२ साली बीटी कापसास ती मिळाली. बीटी वांग्यास २०१० मध्ये स्थगिती देण्यात आली. पण ऑगस्ट २०२१ मध्ये देशातील सोयापेंड अतिशय महागली, कुक्कुटपालक अडचणीत आले, आणि केंद्र सरकारने जनुकबदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड बाहेरून आणण्यास अनुमती दिली. दळून तेल काढलेल्या पेंडीत जिवंत बीज उरत नाही, ती उगवू शकत नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. आणि असे पाहा, बीटी कापसाच्या सरकीची पेंड आपल्या गाईम्हशी त्याआधीपासून खातच होत्या. ती गोष्ट आपल्या ध्यानातही आली नव्हती.

अशा पेंडीवर पोसलेल्या कोंबडीचे अंडे खाल्ल्याने अपाय होतो काय? शास्त्र सांगते त्याचा सारांश असा. कोणत्याही धान्यातील प्रथिन आणि जनुक कोंबडीच्या पोटात पचून त्याचे साधे घटक होतात. त्या घटकांपासून कोंबडी आपले अंडे स्वतःच घडविते. आपण पालक खाल्ला म्हणून आपण हिरवे होत नाही, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नऊशेंहून अधिक शोधनिबंध तपासून २०१६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात अशा पिकांपासून झालेले अन्न इतर अन्नापेक्षा प्रकृतीस अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा आढळला नाही, असे म्हटले आहे. यावर आम्ही विश्वास ठेवतो. आणि जोवर याहून भक्कम पुरावा पुढे येत नाही तोवर मुलांच्या मनात अंड्याची भीती घालणे आम्हांस योग्य वाटत नाही.

याचा अर्थ काळजीस जागाच नाही असा मात्र नव्हे. भलत्या गोष्टीस भिण्याचा एक तोटा असा की खऱ्या गोष्टीकडे लक्ष जात नाही. आमच्या मते खऱ्या काळजीच्या गोष्टी तीन आहेत.

पहिली गोष्ट औषधांची. दाटीने पाळलेल्या कोंबड्यांत रोग झपाट्याने पसरतो. म्हणून काही ठिकाणी आजार होण्याआधीच, किंवा वजन वाढावे म्हणून, प्रतिजैविके खाद्यात मिसळण्याची चाल पडली. असे वारंवार झाले म्हणजे जंतू त्या औषधास सरावतात आणि मग तेच औषध माणसास लागू पडेनासे होते. कॉलिस्टिन हे औषध दवाखान्यात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले असते. तेच कोंबड्यांना चारले जात होते. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांस ते देण्यावर बंदी घातली. हे योग्यच झाले. परंतु बंदी कागदावर असून भागत नाही. तपासणी वेळोवेळी व्हावी आणि तिचे निष्कर्ष लोकांस कळावेत, अशी मागणी करण्याचा आपणांस अधिकार आहे.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. बेळगाव जिल्ह्यात मका आणि सोयाबीन ही दोन्ही पिके मोठ्या प्रमाणावर होतात. आपल्यापैकी कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी होतात. पोल्ट्रीवाल्याची पेंड म्हणजे आपल्याच शेतातील दाणा. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव चढत चढत क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला होता. बाहेरची पेंड आणण्याचा निर्णय झाला तो नवे पीक काढणीला येण्याच्या तोंडावर. कोंबडी जगविण्यासाठी पेंड स्वस्त हवी आणि शेतकरी जगविण्यासाठी दाणा महाग हवा, अशी ही ओढाताण आहे. जनुकाच्या वादात हा प्रश्न झाकला जातो. तणनाशकाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना संभाव्य कर्करोगकारक द्रव्यांत केली. इतर कित्येक नियामक संस्थांना ते पटले नाही, आणि वाद चालूच राहिला. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. या द्रव्याचा धोका असेल तर तो प्रथम अंडे खाणाऱ्यास नव्हे, तर पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसास आहे. त्याची आठवण आपल्या चर्चेत सहसा कोणी काढीत नाही.

तिसरी गोष्ट स्वतः कोंबडीची. पिंजऱ्याच्या पोल्ट्रीत एका कोंबडीच्या वाट्यास पुष्कळदा लिहिण्याच्या एका मोठ्या कागदाहूनही कमी जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडे घालण्यासाठी आडोसा शोधता येत नाही. एकमेकींस टोचू नयेत म्हणून चोचीचे टोक कापलेले असते. असा तिचा सारा जन्म तारेच्या जाळीवर जातो. युरोपीय संघातील देशांनी असे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्या देशाच्या विधी आयोगानेही जुलै २०१७ मध्ये कोंबड्यांच्या निवाऱ्याच्या आणि वाहतुकीच्या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला आहे. पिंजऱ्यातील अंडे खाणाऱ्याच्या प्रकृतीस वाईट नसेल. पण ज्या जिवापासून ते आले त्याच्या हालांकडे पाठ फिरविणे आपल्या संस्कृतीस शोभणारे नाही. स्वस्त अंडे आणि सुसह्य जीवन यांचा मेळ घालणे अवघड आहे, हे खरे. जमिनीवर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांच्या मोठ्या शेडी हा त्यातील एक मधला मार्ग आहे, आणि तो हळूहळू रुळावा असे आम्हांस वाटते.

इतके सांगितल्यावर गावरान अंड्याचीही निःपक्षपातीपणे झडती घेणे प्राप्त आहे. मोकळी कोंबडी जे सापडेल ते खाते. खेड्यात तिला धान्य, गवत, वाळवी मिळेल; पण शहरालगतच्या वस्तीत ती कचऱ्याच्या ढिगावर, जुन्या रंगाच्या खपल्यांवर आणि गटाराच्या काठी चरते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासात परसातील कोंबड्यांच्या अंड्यांत शिशाचे प्रमाण दुकानातील अंड्यांपेक्षा सरासरीने चाळीस पटींहून अधिक आढळले. कारण तेथील जुन्या वस्त्यांच्या मातीतच शिसे मुरलेले होते. ‘मोकळी’ म्हणजे ‘निर्मळ’ असे समीकरण मांडता येत नाही, ते असे. शिवाय मानमोडीची साथ आली की लस न टोचलेल्या गावठी कोंबड्यांचे खुराडे चार दिवसांत ओस पडते. आणि बाजारात ‘गावरान’ म्हणून जे विकले जाते ते सारेच गावठी कोंबडीचे असते असेही नाही. पिंजऱ्यातील तांबूस अंडे त्या टोपलीत मिसळले तर ओळखणार कोण?

तरीही गावठी कोंबडीची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही; ती थोरवी वेगळ्या ठिकाणी आहे, एवढेच आमचे म्हणणे. खानापूरच्या रानाकडील किंवा चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरील कित्येक घरांत कोंबड्यांचा पैसा हा घरच्या बाईचा हक्काचा पैसा असतो. वही, पेन, औषधाची बाटली, लेकीच्या हातच्या बांगड्या या पैशातून येतात. त्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तिने खाद्यावर फारसा खर्च केलेला नसतो. घार, मुंगूस आणि कोल्हा यांपासून पिले राखण्याचे कष्ट मात्र केलेले असतात. गावरान अंड्याचा वाढीव भाव जर तिच्या पदरात पडत असेल तर तो अवश्य द्यावा आणि आनंदाने द्यावा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती परसात वाढतात, स्वतःचे खाद्य बरेचसे स्वतःच शोधतात आणि गावठी कोंबडीहून अधिक अंडी देतात. अशा जातींच्या प्रसाराने खेड्यातील घरास चार पैसे अधिक मिळतील आणि त्या घरच्या मुलासही अंडे मिळेल. तेथे विकण्यासाठी सारी अंडी बाजारात जातात आणि घरच्या पोरांच्या वाट्यास एकही येत नाही, ही स्थिती काही भूषणावह नव्हे.

अफवेचे मोल किती भारी असते, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. रोग खरा होता, कोंबड्या मारणे आवश्यकच होते; पण नीट शिजविलेल्या अंड्यास वा मांसास भिण्याचे कारण नसतानाही लोकांनी दूरदूरच्या गावी ते खाणे सोडले. पुढे २०२० च्या आरंभी कोंबडीपासून करोना होतो अशी वदंता उठली. तीत तर काडीचेही तथ्य नव्हते, तरी भाव कोसळले आणि कर्ज काढून शेड उभारलेले लहान पोल्ट्रीवाले बुडाले. बोलणारा बोलून मोकळा झाला. भरपाई कोणी केली नाही.

तर मग करावे काय? आमच्या मते ग्राहकाने अंड्याचा रंग पाहण्याऐवजी ते कोठून आले हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही कोंबडी कोणाची, ती कोठे राहते, तिला काय खाऊ घालता, औषध कधी दिले होते, अंडे केव्हाचे आहे, हे प्रश्न विचारण्यात संकोच कसला? युरोपात तर प्रत्येक अंड्यावर एक आकडा छापलेला असतो: सेंद्रिय पद्धतीचे असल्यास शून्य, मोकळ्या कोंबडीचे असल्यास एक, शेडीतील जमिनीवरच्या कोंबडीचे असल्यास दोन, पिंजऱ्यातील असल्यास तीन. चार आकड्यांत सारा व्यवहार उघड होतो. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि मनाप्रमाणे निवड करावी. अशीच सोपी पद्धत आपल्याकडेही सर्वत्र यावी, आणि तीत खाद्य जनुकबदल केलेल्या धान्याचे आहे की नाही हेही नमूद असावे. ते अपायकारक आहे म्हणून नव्हे, तर पैसे देणाऱ्यास ते जाणण्याचा हक्क आहे म्हणून.

विद्यार्थ्यांनी तर आजपासूनच दोन साध्या गोष्टी कराव्यात. अंडे ताजे आहे की नाही हे पाण्यात घालून पाहावे. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे. आणि ते गावरान असो वा पोल्ट्रीचे, बलक घट्ट होईपर्यंत शिजवून खावे. कारण पोट बिघडविणारे जंतू टरफलावर बसताना कोंबडीची जात विचारीत नाहीत. ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी चार तलंगा पाळून पाहाव्यात, रोजचे खाद्य आणि रोजची अंडी वहीत टिपावीत. एका वर्षात अंड्याविषयी जितके कळेल तितके दहा व्याख्याने ऐकून कळणार नाही.

ज्याला परवडते त्याने ओळखीच्या घरचे, मोकळ्या कोंबडीचे अंडे चांगला भाव देऊन घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याने पोल्ट्रीचे अंडे निर्धास्तपणे खावे. आणि शाळेच्या पंगतीत शेजारचा मुलगा आपल्या ताटातील अंडे सोलत असेल, तेव्हा ते कोणत्या प्रतीचे आहे याविषयी त्यास टोमणा मारून त्याचा घास कडू करू नये. प्रश्न विचारायचे ते मोठ्यांस, व्यापाऱ्यांस आणि सरकारास विचारावेत. भुकेल्या मुलास नव्हे.